पंक्तिप्रपंच आणि महिरपी कंस

स्प्रेडशीट शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला पहिल्याच आठवड्यात एक सवय लागते. पहिल्या ओळीत सूत्र लिहायचं, चौकोनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका पकडायचा आणि ओढत खाली न्यायचा. शंभर ओळी असोत नाहीतर हजार, तळाशी पोचेपर्यंत सगळीकडे उत्तरं आलेली असतात. ऑफिसात, कॉलेजात, ट्रिपच्या हिशेबात, लग्नाच्या खर्चाच्या यादीत आपण सगळे हेच करतो आणि त्यात वावगं काही नाही. पण हजार ओळी ओढल्या की हजार सूत्रं तयार होतात. दिसायला जुळी, पण प्रत्येक सुटं. त्यातलं सातशे बारावं सूत्र पुसून कुणी तिथे हाताने आकडा टाकला, तर वरून बघणाऱ्याला काहीही कळत नाही.

मला याचा विचार करायला लावला तो दुधाने.

कराडच्या बाजूला आमचं गाव आहे. धाकटे काका तिथे दूध संकलन केंद्र चालवतात. गावात त्याला डेअरी म्हणतात, आणि डेअरीला दूध विकत नाहीत, 'घालतात'. सकाळ-संध्याकाळ साठ घरांचं गाईचं दूध येतं. प्रत्येकाचं दूध मोजायचं, नमुना यंत्राला लावायचा, फॅट आणि एसएनएफ बघायचं. एसएनएफ म्हणजे दुधातला स्निग्धांश आणि पाणी सोडून उरणारा भाग: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. या दोन आकड्यांवर दर ठरतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. त्याच्या खाली गेलं की पॉइंटामागे कपात, वर गेलं की वाढ. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून पेंडीचे पैसे आणि उचल वजा होते, उरलेलं घरी जातं. साठ खाती, दोन वेळा, दहा दिवस. म्हणजे एका बिलामागे बाराशे ओळी.

मी पुण्यात मराठीत एम. ए. करून घरी आले होते. काकांचा हिशेब ठेवणारा मुलगा नुकताच नोकरी लागून गेला होता. घरात 'कॉम्प्युटर येणारी' मीच. त्यामुळे एक जुना लॅपटॉप, त्यातलं एक्सेल २०१० आणि त्या मुलाच्या फायली माझ्याकडे आल्या.

पहिला प्रश्न टँकरचा होता. रोज टँकर दूध घेऊन जातो आणि शीतकरण केंद्रावर सगळ्या दुधाचं मिळून फॅट लागतं. काकांना आधीच अंदाज हवा असायचा: आपण आज एकूण किती फॅटचं दूध पाठवतोय? सगळ्यांच्या फॅटची सरासरी काढून हे कळत नाही. एकाचं दूध १० लिटर, फॅट ३.५. दुसऱ्याचं ४ लिटर, फॅट ४.५. साधी सरासरी ४ येते. पण दोन्ही दुधं एका कॅनमध्ये ओतली तर फॅट ३.७९ लागेल, कारण पातळ दूध जास्त आहे. म्हणजे आधी प्रत्येकाचे लिटर गुणिले फॅट, मग त्या सगळ्या गुणाकारांची बेरीज, मग भागिले एकूण लिटर.

आजोबा हे तोंडी करायचे. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, दीडकीसारखे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. त्यातली औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. गाईच्या दुधाचं माप नेमकं साडेतीन फॅट, त्यामुळे दहा लिटर म्हटलं की आजोबांच्या तोंडून पस्तीस निघायचं. लिटर आणि किलो एकच धरलं तर साडेतीनशे ग्रॅम फॅट. पण औटकी एका वेळी एकाच किटलीला उपयोगी. मला एका दिवसाच्या एकशेवीस किटल्या एकाच चौकोनात हव्या होत्या.

सूत्र सरळ वाटत होतं: =सम(डी२:डी१२१*ई२:ई१२१). संगणकावर हे अर्थात इंग्रजी अक्षरांत लिहायचं. डी रकान्यात लिटर, ई रकान्यात फॅट. मी ते बाजूला सातव्या ओळीतल्या एका चौकोनात लिहून एंटर दाबलं, तर फक्त सातव्या ओळीचा गुणाकार आला. तेच सूत्र सगळ्यांच्या खाली १२५व्या ओळीत लिहिलं, तर '#व्हॅल्यू!' अशी चूक दाखवली.

यामागचं कारण मला नंतर वाचून समजलं आणि ते मला अजूनही आवडतं. जुन्या एक्सेलमध्ये जिथे एकच किंमत अपेक्षित असते तिथे तुम्ही अख्खा रकाना दिलात, तर ते असं गृहीत धरतं की तुम्ही आपल्याच ओळीपुरतं विचारताय. सातव्या ओळीत बसून विचारलंत तर सातव्या ओळीचं उत्तर. रांगेच्या बाहेर उभं राहून विचारलंत तर उत्तरच नाही. सगळ्यांबद्दल विचारायचं असेल तर ते वेगळ्या तऱ्हेने सांगावं लागतं: कंट्रोल आणि शिफ्ट धरून एंटर. तसं केलं की सूत्राच्या दोन्ही बाजूंना महिरपी कंस उमटतात. हे कंस कीबोर्डवरून टाईप केले तर एक्सेल त्या सूत्राला नुसता मजकूर समजतं. ते त्या तीन कळांनीच यावे लागतात. गणपतीच्या मखरावर असते तशी महिरप, आणि तिच्या आत अख्खा रकाना एक वस्तू म्हणून बसलेला. हेच अ‍ॅरे सूत्र. अ‍ॅरे म्हणजे ओळीने मांडलेल्या किमतींचा समूह, एकाच नावाने हाक मारता येईल असा.

रकाना ही एकच वस्तू मानायची, ही कल्पना स्प्रेडशीटहून जुनी आहे. केनेथ आयव्हर्सन या कॅनडात जन्मलेल्या गणितज्ञाने १९६२ साली 'ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक लिहिलं. त्याच्या लेखनपद्धतीत दोन याद्यांमध्ये गुणाकाराचं चिन्ह ठेवलं की पहिल्याचा पहिल्याशी, दुसऱ्याचा दुसऱ्याशी असा सगळा गुणाकार होतो. 'एक घे, मग दुसरा घे' असं सांगावं लागत नाही. पुढे त्या पुस्तकाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून एपीएल ही संगणकभाषा आली आणि १९७९ साली आयव्हर्सनला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्याने मांडलं की आपण चिन्हं कशी लिहितो यावर आपल्याला विचार कसा सुचतो हे अवलंबून असतं. योगायोग असा की त्याच १९७९मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क बाजारात आलं. आज आपण वापरतो त्या सगळ्या स्प्रेडशीटचं ते पूर्वज.

चिन्हांनी विचार बदलतो याचा अनुभव मला पुढच्याच पायरीवर आला. काकांनी विचारलं, "सकाळच्या दुधात साडेतीनच्या खाली फॅट लागलेलं एकूण किती लिटर?" म्हणजे दोन अटी. साहजिक मनात येतं की 'अँड' वापरावं. पण अ‍ॅरेच्या आत 'अँड' सगळ्या ओळींचं मिळून एकच उत्तर देतं: सगळे पास की नाही. आपल्याला हवं असतं प्रत्येक ओळीचं वेगळं उत्तर. मग तिथे गुणाकार करतात. 'वेळ सकाळ आहे का?' याचं उत्तर हो असेल तर १, नाही असेल तर ०. 'फॅट साडेतीनच्या खाली आहे का?' पुन्हा १ किंवा ०. दोघांचा गुणाकार फक्त दोन्ही हो असतील तिथेच १ उरतो. त्याला लिटरने गुणलं की ज्यांचा संबंध नाही ते आपोआप शून्य होतात आणि उरलेल्यांची बेरीज मिळते. 'किंवा' म्हणायचं असेल तर बेरीज करायची, मात्र दोन्ही अटी पुऱ्या होतात तिथे २ येतात हे ध्यानात ठेवून. सम्प्रॉडक्ट या फंक्शनमध्ये हेच तीन कळा न दाबता करता येतं. मराठीचा अभ्यास केलेल्या मला ही गंमत वाटली: 'आणि' म्हणजे गुणाकार, 'किंवा' म्हणजे बेरीज.

काकांना सगळं फोनवर दिसायला हवं होतं, म्हणून मी हिशेब गूगल शीट्सवर नेला. तिथे महिरपीऐवजी अ‍ॅरेफॉर्म्युला नावाचं फंक्शन असतं. ते टाईप करता येतं, त्यामुळे फोनवरही चालतं. आणि त्याचं उत्तर एकाच चौकोनात राहत नाही, खाली पसरत जातं. मायक्रोसॉफ्टनेही २०१८मध्ये एक्सेलमध्ये अशीच सोय जाहीर केली. तिथे या पसरण्याला 'स्पिल' म्हणतात, सांडणं. तीन कळांची गरज त्यामुळे गेली.

सगळ्यात आधी मी दरपत्रक केलं. समजा पायाचा दर ३० रुपये आणि दर पॉइंटाला ३० पैसे. मग सूत्र असं: ३० + (फॅट − ३.५) × ३ + (एसएनएफ − ८.५) × ३. फॅट ३.३ आणि एसएनएफ ८.४ असेल तर ६० पैसे आणि ३० पैसे जाऊन २९.१० रुपये. आता फॅटचे आकडे ३.० ते ५.० उभे लिहायचे, एसएनएफचे ८.० ते ९.० आडवे लिहायचे, आणि सूत्रात एकेक आकडा न देता अख्खा उभा रकाना आणि अख्खी आडवी ओळ द्यायची. एकवीस गुणिले अकरा, २३१ चौकोन एका सूत्राने भरतात. डेअरीच्या भिंतीवर लावतात तो अख्खा तक्ता. पायाचा दर वेगळ्या चौकोनात ठेवला की तो बदलताच सगळा तक्ता बदलतो. मग तेच सूत्र मी रोजच्या नोंदींच्या दराच्या रकान्याला लावलं. वर एका चौकोनात सूत्र, खाली बाराशे दर.

आधीच्या मुलाच्या फायलींशी उत्तरं ताडून बघायची होती. एक्सेलमध्ये कंट्रोल धरून एस्केपच्या खालची कळ दाबली की उत्तरांच्या जागी सूत्रं दिसतात. एका बिलाच्या बाराशे ओळींत मला अकरा ठिकाणी सूत्र दिसलं नाही, नुसता आकडा होता. नऊ आकडे सूत्राच्या उत्तराहून जास्त, दोन कमी. नऊंचं कारण काकांना ठाऊक होतं. दोनांचं कुणालाच नव्हतं. दोन्ही कोड १४च्या नावावर होते. एका वेळचं पाच लिटर दूध, लिटरला ९० पैसे कमी, दोन वेळा. नऊ रुपये.

असं मोठमोठ्यांच्या फायलींतही होतं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१०चा निबंध देशांचं कर्ज फार वाढलं की आर्थिक वाढ मंदावते असं सांगत होता आणि जगभरच्या धोरणांच्या चर्चेत त्याचा हवाला दिला जात होता. २०१३मध्ये थॉमस हर्नडन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने त्यांची फाईल मिळवून तपासली. वीस देशांच्या सरासरीचं सूत्र पंधराव्या ओळीवरच थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हिशेबात नव्हते. त्या निबंधावर इतर आक्षेपही होते आणि ते जास्त वजनदार होते. पण मला ते सुटलेले पाच देश लक्षात राहिले. गूगल शीट्समध्ये 'डी२:डी' असं शेवट न देता लिहिलं की रकाना जिथवर जाईल तिथवर सूत्र जातं. पंगतीत मागून येऊन बसलेलाही वाढण्यातून सुटत नाही.

एका सकाळी मी कामाला कराडला निघाले होते, एसटीत असताना काकांचा फोन आला. "अगं, सगळे दर गेले की!" मी शीट उघडलं. दराचा रकाना पूर्ण रिकामा होता. सूत्राच्या चौकोनात '#रेफ!' आणि खाली ३८व्या ओळीत एकटा आकडा: ३१.९०. चुकीवर बोट ठेवलं तर निरोप होता: उत्तर पसरवता येत नाही, कारण वाटेत अमुक चौकोनात आधीच काही लिहिलेलं आहे. ३८व्या ओळीत सूत्राने ३१.५० दिले असते. मी तो आकडा पुसला, सगळे दर परत आले.

संध्याकाळी काका म्हणाले, "त्यांचं रोजचं साठ लिटर आहे. पलीकडच्या डेअरीनं चाळीस पैसे जादा देतो म्हणून निरोप धाडलाय. गेले तर आपला टँकर अर्धा रिकामा जाईल. एका ओळीत चाळीस पैसे टाकायला काय होतंय? आजवर टाकतच होतो."

"या रकान्यात टाकता येत नाही, काका."

"मग येईल असं कर."

तसं करणं पाच मिनिटांचं काम होतं. अ‍ॅरे काढायचा, सूत्र पहिल्या ओळीत लिहायचं, ठिपका पकडायचा, खाली ओढायचं. आजी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "एका पंगतीत प्रपंच करू नये." काका म्हणाले, "पंगत एका दिवसाची असती, आये. मला रोज टँकर भरायचाय."

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. एका माणसाचं साठ लिटर दूध मोजायला वेळ कमी लागतो, नोंदी दोनच होतात. जास्त दूध घालणाऱ्याला थोडं जास्त मिळणं हा व्यवहार आहे. मी म्हटलं, मग तसा नियमच करू. सूत्रात शेवटी एक तुकडा जोडला: + (लिटर >= २५) × ०.४०. एका वेळी पंचवीस लिटर किंवा जास्त घालणाऱ्याला १ गुणिले चाळीस पैसे, बाकीच्यांना ० गुणिले चाळीस पैसे. ३८व्या ओळीत ३१.९० आले. आणखी तीन ओळींतही दर वाढले, कारण तिघांचं दूध तेवढं भरत होतं आणि त्यांनी कधी मागितलं नव्हतं. काकांनी तो नियम पाटीवर खडूने लिहिला. पाटीवर लिहिण्याआधी ते बराच वेळ उभे होते.

महिन्याभरात दोन सख्ख्या भावांनी वेगळी खाती बंद करून दूध एकत्र घालायला सुरुवात केली. एकाचं तेरा लिटर, दुसऱ्याचं बारा. काका मला म्हणाले, "बघ, तुझ्या फॉर्म्युल्यानं खिशाला भोक पाडलं." पण पाटी पुसली नाही.

अ‍ॅरे सूत्राने डेअरीत न्याय आला असं मी म्हणणार नाही. पंचवीस लिटरची रेघ आम्ही ओढली. साडेचोवीस लिटरवाल्याला ती अन्यायाची वाटणार, आणि एक गाय असलेल्या घराला ती कधीच ओलांडता येणार नाही. मला यातून उमगलं ते एवढंच, की ज्याला झुकतं माप द्यायचं आहे त्याला ते आता एका ओळीत गुपचूप देता येत नाही. ते सूत्रात लिहावं लागतं, आणि सूत्रात लिहिलं की ते साठही जणांना लागू होतं, सगळ्यांना वाचता येतं आणि त्यावर भांडताही येतं. ओढलेल्या हजार सूत्रांत ही सोय नसते. म्हणून तुम्ही कुणाच्या पैशांचा, गुणांचा, हजेरीचा हिशेब ठेवत असाल, तर तीन कळा शिकून घ्या. वेळ वाचतो हे खरंच, पण तेवढ्यासाठी नव्हे.

कोड १४च्या आत्यांना काकांनी गल्ल्यातून नऊ रुपये काढून दिले आणि कारण सांगितलं. त्यांनी नोट आणि नाणी मोजून पदराला बांधली. मी त्यांना फोनवर दराचा रकाना दाखवला, एका ओळीत बोट लावलं तर काय होतं तेही दाखवलं. सगळे आकडे गेलेले बघून त्या हसल्या.

"दराचं झालं," त्या म्हणाल्या. "आन् फॅट कोन लिवतं?"

"मी," मी म्हटलं.

"मशीनमधलं बघून?"

"हो."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दर, रक्कम आणि बेरीज या तीन रकान्यांत आता कुणालाच मधे हात घालता येत नाही. लिटर, फॅट आणि एसएनएफचे रकाने मात्र ओळीओळीने हातानेच भरावे लागतात. त्यांच्याभोवती कुठली महिरप घालता येत नाही. त्या दिवसापासून यंत्राने दाखवलेला प्रत्येक आकडा मी टाईप करण्याआधी मोठ्याने वाचते, समोर किटली धरून उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल असा.